पाचही चौकोनांवर टिक केली की पूर्ण गुण: अनेक बरोबर उत्तरांच्या प्रश्नांतले नेहमीचे बिघाड आणि त्यांची दुरुस्ती

ऑनलाइन चाचणीत एकापेक्षा जास्त बरोबर उत्तरांचा प्रश्न घातला की दोन तक्रारी हमखास येतात. एका मुलाने काही न वाचता पाचही चौकोनांवर टिक केली आणि त्याला पैकीच्या पैकी गुण पडले. दुसऱ्या मुलीला दोनपैकी एक उत्तर पक्कं ठाऊक होतं, तिच्या वाट्याला शून्य आलं. शिक्षकाला वाटतं, सॉफ्टवेअर बिघडलं. ते सहसा बिघडलेलं नसतं. गुणांचा नियम एक सांगत असतो, प्रश्नवाक्य दुसरं आणि पडद्यावरची खूण तिसरंच. या तिन्हींचं बोलणं एक करायचं, एवढीच ही दुरुस्ती. पण ती प्रत्येक साधनात वेगळ्या जागी करावी लागते, म्हणून मूडल (ऑनलाइन वर्ग आणि चाचण्या चालवण्याची प्रणाली), एचफाइव्हपी (वेबपानात घालायचे प्रश्न बनवण्याचं साधन) आणि गूगल फॉर्म्स या तिन्हींचं सविस्तर देत आहोत.

उदाहरणासाठी मुख्यतः गोव्यातल्या नद्यांचा एकच प्रश्न वापरू:

पुढीलपैकी कोणकोणत्या नद्या मांडवीला येऊन मिळतात?
खांडेपार, वाळवंटी, साळ, कुशावती, तळपण.

बरोबर दोन: खांडेपार आणि वाळवंटी. कुशावती जुवारीला मिळते. साळ आणि तळपण स्वतंत्रपणे समुद्राला जातात, साळ बेतूलजवळ आणि तळपण काणकोणात.

आधी ठरवा: सगळी हवीत की कुठलंही एक चालेल?

"अनेक बरोबर उत्तरं" या एका नावाखाली दोन वेगळे प्रकार येतात आणि अर्धा गोंधळ इथेच होतो. पहिल्या प्रकारात सगळी बरोबर उत्तरं निवडल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही. वरचा प्रश्न त्यातला. दुसऱ्या प्रकारात उत्तर एकच द्यायचं असतं, पण ते दोन-तीन तऱ्हांनी बरोबर असू शकतं. "मांडवीला मिळणाऱ्या एका नदीचं नाव निवडा" हा दुसरा प्रकार.

दुसऱ्या प्रकाराला चौकोन लागतच नाहीत. मूडलमध्ये "वन ऑर मल्टिपल आन्सर्स" या जागी एकच उत्तराचा पर्याय ठेवा आणि खांडेपारला १०० टक्के, वाळवंटीलाही १०० टक्के द्या. गोल बटणं दिसतील, मूल एक निवडेल, दोन्हींपैकी कुठलंही चालेल. इथे चौकोनांचा प्रकार लावून दोघांना ५०-५० टक्के दिले, तर प्रश्नाने मागितलं तेवढंच नेमकं देणाऱ्या मुलाचे अर्धे गुण जातात. "एक नदी निवड म्हटलं, मी निवडली, मग अर्धेच गुण का?" ही तक्रार आली की सेटिंग सोडून आधी प्रश्नाचा प्रकार तपासा.

चार वेळा उत्तर देऊन पाहा

प्रश्न मुलांपुढे ठेवण्याआधी पूर्वदृश्यात तो स्वतः चार वेळा सोडवायचा. पहिल्यांदा फक्त बरोबर तेवढी सगळी निवडायची. दुसऱ्यांदा एकच बरोबर. तिसऱ्यांदा सगळी बरोबर आणि सोबत एक चुकीचं. चौथ्यांदा सगळे चौकोन. चारही वेळचे गुण कागदावर लिहा आणि शेजारी तुमच्या मते किती मिळायला हवे होते तेही लिहा. दोन रकाने जुळत नसतील तिथे बिघाड आहे. एका प्रश्नाला दोन-तीन मिनिटं जातात. शेवटचा प्रयत्न, म्हणजे सगळ्यांवर टिक, कधीही टाळू नका, कारण शिक्षक सोडून बाकी सगळे तो करून पाहतात.

मूडल: चुकीच्या पर्यायाला वजा गुण दिलेलेच नसतात

सगळ्यांवर टिक करून १०० टक्के मिळत असतील तर कारण जवळजवळ नेहमी हेच असतं. मूडलमध्ये प्रत्येक पर्यायापुढे गुणांची टक्केवारी निवडायची असते. बरोबर पर्यायांना ५० आणि ५० दिले, बेरीज १०० झाली, प्रश्न जतन झाला. चुकीच्या पर्यायांपुढे मात्र मुळातलं "नन" तसंच राहिलं. "नन" म्हणजे शून्य. चुकीचा चौकोन निवडल्याने काहीच कमी होत नाही, मग सगळे निवडणारा ५० अधिक ५० अधिक शून्य अशी बेरीज घेऊन जातो. बरोबर पर्यायांची बेरीज १०० भरली नाही तर मूडल अडवतं. वजा बाजू रिकामी राहिली तर काही बोलत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं प्रश्नपेढीत पडून राहते.

वजा किती द्यायचे हे अंदाजाने ठरवू नका. आपल्या प्रश्नात तीन चुकीचे पर्याय आहेत. तीन सरळ वाटा आहेत.

प्रत्येक चुकीच्या पर्यायाला वजा ३३.३३३३३ टक्के. सगळे चौकोन निवडले तर १०० मधून १०० जाऊन शून्य. दोन बरोबर आणि एक चूक असेल तर सुमारे ६७. एकच बरोबर असेल तर ५०. एक बरोबर, एक चूक असेल तर सुमारे १७. ही सौम्य वाट आहे, सराव चाचणीला चांगली.

प्रत्येकाला वजा ५० टक्के. एक चूक एक बरोबर उत्तर खाऊन टाकते. दोन बरोबर आणि एक चूक असेल तर ५०, एक बरोबर आणि एक चूक असेल तर शून्य. घटक चाचणीला आम्ही हीच सुचवू, कारण हा नियम मुलांना एका वाक्यात सांगता येतो.

प्रत्येकाला वजा १०० टक्के. एकही चुकीचा चौकोन निवडला की सगळं गेलं, पण चूक न करता एकच बरोबर निवडलं तर ५० राहतात. "संपूर्ण बरोबर नाहीतर शून्य" असा नियम हवा असेल तर ही वाट पुरत नाही. त्यासाठी "ऑल-ऑर-नथिंग मल्टिपल चॉइस" नावाचं वेगळं प्लगइन (जास्तीची सोय देणारा जोड-कार्यक्रम) मिळतं, ते साइटच्या व्यवस्थापकाकडून बसवून घ्यावं लागतं.

बेरीज शून्याखाली गेली तरी मूडल त्या प्रश्नाचे गुण शून्यावरच थांबवतं, एका प्रश्नातली वजाबाकी दुसऱ्या प्रश्नाचे गुण खात नाही. पालकांना हे आधीच सांगून ठेवावं. "वजा गुण" हा शब्द ऐकताच घराघरांत घबराट होते आणि मग मुलं ठाऊक असलेलं उत्तरही निवडायला भितात.

बरोबर पर्याय तीन असतील तर प्रत्येकाला ३३.३३३३३ द्या, यादीत ती किंमत तयार आहे. सहासाठी १६.६६६६७, सातासाठी १४.२८५७१ही आहे.

एचफाइव्हपी: बरोबर पर्याय जास्त झाले की भोक पडतं

इथे टक्केवारी निवडायची नसते, म्हणून अनेकांना हे साधन सुरक्षित वाटतं. त्याचा हिशोब असा: निवडलेल्या प्रत्येक बरोबर पर्यायाला अधिक एक, निवडलेल्या प्रत्येक चुकीच्या पर्यायाला वजा एक, बेरीज शून्याखाली गेली तर शून्य. आपल्या नद्यांच्या प्रश्नात सगळे चौकोन निवडले तर दोन वजा तीन, म्हणजे शून्य. ठीक चाललं.

आता त्याच पाच पर्यायांत चार बरोबर आणि एक चुकीचा ठेवा. सगळे चौकोन निवडणाऱ्याला चार वजा एक, म्हणजे चारपैकी तीन. काहीही न वाचता ७५ टक्के! तीन बरोबर आणि दोन चुकीचे असतील तरी तीनपैकी एक गुण फुकट जातो. शिक्षक प्रश्न "सोपा" करायला बरोबर पर्याय वाढवतो आणि भोक मोठं होत जातं.

दुरुस्ती दोन तऱ्हांची. चुकीच्या पर्यायांची संख्या बरोबर पर्यायांइतकी किंवा त्याहून जास्त ठेवा. सहा पर्यायांत तीन-तीन, पाचांत दोन-तीन. नाहीतर वर्तनाच्या सेटिंगमध्ये जाऊन संपूर्ण प्रश्नाला मिळून एकच गुण देण्याचा चौकोन चालू करा आणि उत्तीर्णतेची टक्केवारी १०० ठेवा. मग नेमका संच निवडणाऱ्यालाच गुण मिळतो. या दुसऱ्या वाटेत अर्धवट उत्तराला काही मिळत नाही, म्हणून नवा धडा शिकवून झाल्यावर लगेच घ्यायच्या सरावात ती वापरू नये.

मूडलमध्येही हेच भोक पडतं, फक्त तिथे ते बुजवायला टक्केवारी हातात असते. चार बरोबर (प्रत्येकी २५) आणि एक चुकीचा असेल तर त्या एकट्याला वजा १०० द्यावे लागतात. तरीही असा प्रश्न मुळातच कमकुवत. ज्याला चुकीचा एक पर्याय शोधायचा आहे त्याला सरळ "वेगळा ओळखा" म्हणून एका उत्तराचा प्रश्न द्यावा.

एचफाइव्हपीत प्रश्नाचा प्रकार "ऑटोमॅटिक" असेल तर बरोबर पर्याय एकच असताना गोल बटणं येतात आणि जास्त असताना चौकोन. प्रश्नसंचात दोन्ही तऱ्हेचे प्रश्न मिसळले असतील तर मुलं आकार पाहूनच ओळखतात. बरोबर पर्यायांची संख्या लपवायची असेल तर प्रकार स्वतः "चेकबॉक्सेस" असा निवडा. आणि चौकोनांऐवजी गोल दिसत असतील तर बरोबर उत्तराची खूण एकाच पर्यायापुढे पडली आहे का, ते आधी बघा. "सिंगल चॉइस सेट" हा प्रकार इथे उपयोगाचाच नाही, त्यात पहिला पर्याय बरोबर धरला जातो आणि दुसऱ्याला जागा नसते.

गूगल फॉर्म्स: अर्धवट उत्तराला शून्य

चेकबॉक्स प्रकारात गूगल फॉर्म्स पूर्ण जुळणाऱ्या उत्तरालाच गुण देतं. एक बरोबर चौकोन राहिला तरी शून्य, एक जास्त पडला तरी शून्य. पर्यायवार टक्केवारी लावायला जागा नाही. भोपळा मिळालेल्या मुलीची तक्रार बहुधा इथूनच येते. तीन उपाय: गुण लगेच न दाखवता तपासणीनंतर जाहीर करण्याची सोय निवडून अर्धवट उत्तरांचे गुण हाताने भरा, वर्ग लहान असेल तर हे जमतं. किंवा प्रश्न ग्रिडमध्ये बदला: ओळीत पाच नद्या, स्तंभात "मिळते" आणि "मिळत नाही", प्रत्येक ओळीला वेगळा गुण. किंवा "नेमके दोन निवडा" अशी अट उत्तराच्या पडताळणीत घाला, म्हणजे अपुरी निवड करून कुणी पुढे जाणार नाही. तिसरा उपाय गुण वाढवत नाही, फक्त निष्काळजीपणाने गेलेले गुण वाचवतो.

ग्रिडचा उपाय शिकवण्याच्या दृष्टीनेही आम्हाला जास्त पटतो. चौकोन रिकामा राहिला तर मुलाने तो विचार करून सोडला की त्याला दिसलाच नाही, हे कळायला वाव नसतो. प्रत्येक ओळीत होय-नाही सांगायला लावलं की कळतं. मूडलसाठी अशाच रचनेचं "मल्टिपल ट्रू-फॉल्स" प्लगइन आहे, झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठाने बनवलेलं. अडचण एवढीच की "होय" आणि "नाही" यांत नुसत्या नशिबाने निम्मे गुण मिळतात, तेव्हा अशा प्रश्नाची उत्तीर्णता ५० टक्क्यांच्या बरीच वर ठेवावी लागते.

मुलं एकच चौकोन निवडून पुढे जातात

हा गुणांचा नाही, भाषेचा बिघाड आहे, आणि मराठीत तो दुरुस्त करणं फार सोपं आहे. "पुढीलपैकी कोणती नदी मांडवीला मिळते?" असं विचारलं तर मूल एकच नदी निवडणार, चूक त्याची नाही. "कोणत्या नद्या" म्हटलं की अनेकवचन कळतं. "कोणकोणत्या नद्या" म्हटलं की शंकाच राहत नाही. आपल्या भाषेत हा द्विरुक्त शब्द याच कामासाठी तयार आहे, तो सोडून इंग्रजी प्रश्नाचं शब्दशः भाषांतर केलं की एकवचन घुसतं. इंग्रजी प्रश्नपेढीतून मराठीत आणि कोकणीत प्रश्न आणताना प्रत्येक प्रश्नवाक्याचं वचन वेगळं तपासा.

वचन कधी कधी उलट दगाही देतं. प्रश्न "कोणता किल्ला" असा एकवचनी आणि पर्यायांत एक नाव "किल्ले" असं अनेकवचनी राहिलं, तर मूल व्याकरणावरून उत्तर ओळखतं. लिंगाचंही तसंच. "कोणता" म्हणून विचारायचं आणि पर्यायांत नदी, किल्ला, बेट अशी मिसळ करायची, तर "किल्ला" आपोआप उठून दिसतो. एका प्रश्नातले सगळे पर्याय एका लिंगवचनाचे ठेवा किंवा "कोणकोणत्या गोष्टी" असा तटस्थ शब्द घ्या.

सूचना प्रश्नवाक्यातच लिहा: "लागू पडतील ते सर्व निवडा. चुकीच्या निवडीचे गुण कमी होतील." मूडल स्वतःहून एक सूचना दाखवतं, पण साइटचा मराठी भाषा-संच अपुरा असेल तर ती इंग्रजीत येते आणि चौथीतलं मूल ती ओलांडून जातं. ती प्रमाण सूचना दाखवण्याचा पर्याय प्रश्नाच्या सेटिंगमध्ये बंद करता येतो.

"दोन निवडा" असं संख्येसकट सांगायचं का? पाचांतून दोन निवडण्याच्या तऱ्हा १० होतात. संख्या न सांगता किमान एक निवडायचा असेल तर ३१. म्हणजे संख्या सांगितली की अंदाज तिप्पट सोपा होतो. लहान मुलांना, आणि या तऱ्हेचा प्रश्न पहिल्यांदा पाहणाऱ्यांना, संख्या सांगावी. वरच्या वर्गांना सांगू नये. मात्र "दोन निवडा" लिहून चुकीच्या पर्यायांपुढे "नन" ठेवलं आणि साधन तिसरा चौकोन अडवत नसेल, तर सूचनेला काही अर्थ उरत नाही.

"कोणकोणत्या मिळत नाहीत?" असे नकारार्थी प्रश्न चौकोनांबरोबर वापरू नका. निवडणं म्हणजे नाकारणं, हे मुलाला प्रत्येक चौकोनापाशी नव्याने आठवावं लागतं.

हुशार मुलंच एक पर्याय चुकतात

सेटिंग बरोबर, सूचना स्पष्ट, तरी वर्गातली तयारीची मुलं एकाच पर्यायाशी अडखळत असतील तर तो पर्याय वादाचा आहे. एका उत्तराच्या प्रश्नात "सर्वात योग्य" निवडून वाद टळतो. अनेक उत्तरांच्या प्रश्नात प्रत्येक पर्याय स्वतःच्या पायावर खरा किंवा खोटा ठरावा लागतो, म्हणून हा दोष इथे जास्त बोचतो.

"गोव्यातल्या कोणकोणत्या तालुक्यांना समुद्रकिनारा आहे?" हा प्रश्न घ्या. पेडणे, बारदेश, मुरगाव, साष्टी, काणकोण यांच्याबद्दल कुणी भांडणार नाही. पर्यायांत केपे घातलं की अर्धा वर्ग ते सोडतो, कारण केपे म्हणजे आतला, खाणींचा तालुका असं चित्र डोक्यात असतं. प्रत्यक्षात बेतूल आणि काणगिणी केपे तालुक्यात येतात. हा चांगला पर्याय: अवघड, पण निर्विवाद खरा. तिसवाडी मात्र वादात सापडते. मांडवी आणि जुवारी यांच्या मुखांमधला तो किनारा. मिरामारला उभं राहिलेल्या मुलाला समोर समुद्र दिसतो, भूगोलाचा काटेकोर शिक्षक "नदीमुख" म्हणेल. दोघांचंही म्हणणं समजण्यासारखं असेल तर तो पर्याय काढून टाका. प्रश्न अवघड करायला केपे पुरेसं आहे.

शब्द बदलला की उत्तरसूची बदलते, याचं आपल्याकडचं सर्वात नाजूक उदाहरण भाषेचं. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतली कोकणी ही राजभाषा ठरवली आणि सरकारी कामकाजासाठी मराठीचाही वापर करण्याची तरतूद त्याच कायद्यात केली. "कायद्याने राजभाषा म्हणून कोणती भाषा घोषित केली आहे?" याचं उत्तर एक. "कायद्यानुसार राज्याच्या कामकाजात कोणकोणत्या भाषा वापरता येतात?" याची उत्तरं एकापेक्षा जास्त. "गोव्याच्या भाषा कोणत्या?" असा सैल प्रश्न विचारला तर प्रत्येक घराचं उत्तर वेगळं येईल आणि प्रत्येकाला आपलं बरोबर वाटेल. अशा विषयात प्रश्नवाक्यात कायद्याचं नाव आणि वर्ष घालणं हाच उपाय.

इतिहासातही असंच. जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या गोव्याच्या भागात, तिसवाडी, बारदेश आणि साष्टी येतात. मुरगाव हा आजचा वेगळा तालुका, पण तेव्हा तो साष्टीचाच भाग होता. पर्यायांत मुरगाव ठेवायचा असेल तर "आजचे तालुके" की "तेव्हाचे महाल" हे प्रश्नवाक्यानेच सांगायला हवं.

पर्यायांची अदलाबदल आणि "वरील सर्व"

क्रम बदलण्याची सोय चालू असताना "वरील सर्व" हा पर्याय दुसऱ्या जागी येऊन बसतो आणि त्याच्या वर एकच पर्याय उरतो. चौकोनांच्या प्रश्नात "वरील सर्व" मुळातच चूक आहे: सगळे बरोबर असतील तर मुलाने सगळे चौकोन निवडायचे, की तो एकच, की दोन्ही? "यापैकी एकही नाही" याचंही तसंच, ते इतर टिकांबरोबर एकदम निवडता येतं आणि साधन अडवत नाही. दोन्ही काढून टाका. पर्यायांना अ, आ, इ असे क्रम देऊन खुलाशात "आ आणि ई बरोबर" असं लिहू नका, क्रम बदलल्यावर ते दुसऱ्याच पर्यायांना लागू होतं. नावानेच लिहा.

दुसऱ्या प्रयत्नात सगळ्यांना पूर्ण गुण

मूडलमध्ये अनेक प्रयत्नांची वर्तनपद्धत लावली असेल तर प्रत्येक मदत-सूचनेबरोबर (हिंट) दोन चौकोन असतात: चुकीचे पर्याय पुसून टाकणे आणि बरोबर निवडींची संख्या दाखवणे. पहिला चालू असेल तर बरोबर पर्यायांपेक्षा जास्त चौकोन न निवडलेल्या मुलाच्या चुकीच्या टिका दुसऱ्या प्रयत्नाआधी आपोआप पुसल्या जातात. आपली कुठली निवड बरोबर होती, हे त्याला फुकट कळतं. अनेक उत्तरांच्या प्रश्नांत हा चौकोन रिकामा ठेवा. संख्या दाखवणं चालेल, त्याने मूल पुन्हा विचार करतं. "अडॅप्टिव्ह" पद्धतीत तर एकेक चौकोन निवडून तपासत जाता येतं. प्रत्येक चुकीच्या प्रयत्नाची कपात शून्यावर आणली असेल तर गुणांना काही अर्थ राहत नाही, ती मुळातल्या एक-तृतीयांशावर ठेवा.

खुलाशाबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मूडलमध्ये पर्यायापुढे लिहिलेला खुलासा तो पर्याय निवडला तरच दिसतो. वाळवंटी निवडायची राहून गेली त्या मुलीला "वाळवंटी मांडवीला मिळते" हे वाक्य कधीच दिसणार नाही, आणि तिलाच ते हवं होतं. म्हणून सुटू शकणाऱ्या पर्यायांचं स्पष्टीकरण प्रश्नाच्या सर्वसाधारण खुलाशात लिहा. एचफाइव्हपीत प्रत्येक पर्यायासाठी निवडल्यावरचा आणि न निवडल्यावरचा असे दोन खुलासे वेगळे लिहिता येतात, ती जागा रिकामी सोडू नका.

गिफ्ट फाइलमधून आयात अडते

प्रश्न मजकूर फाइलमध्ये (गिफ्ट नावाच्या ठरलेल्या रचनेत) लिहून मूडलमध्ये आणत असाल तर टक्केवारीचे आकडे इंग्रजी अंकांतच टाइप करा, देवनागरी अंक तिथे आकडा म्हणून वाचले जात नाहीत. फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात जतन करा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. तिसरा हिस्सा नुसता ३३ किंवा ३३.३ लिहिला तर यादीत न बसणारी किंमत म्हणून आयात थांबते, पाच दशांशांपर्यंत लिहा. मजकुरात विसर्गासारखं दिसणारं अपूर्णविरामाचं चिन्ह, महिरपी कंस किंवा बरोबरचं चिन्ह आलं तर त्याआधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते.

मुलांनी टाइप करायच्या लघुउत्तरात अनेक रूपं मान्य करायची असतील तर "म्हादई" आणि "महादई", "जुवारी" आणि "झुवारी" अशी सगळी उत्तरसूचीत घाला. त्यातही एक न दिसणारी अडचण आहे. "सत्तरीतल्या वाऱ्या" यातला चंद्रकोरीसारखा र काही कीबोर्ड स्वतंत्र अक्षर वापरून लिहितात, काही साध्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. ज्या उत्तरात असा र येतो ते दोन्ही कीबोर्डांवरून टाइप करून सूचीत घाला, किंवा त्या जागी पर्यायांचा प्रश्न द्या.

चाचणी होऊन गेल्यावर चूक सापडली तर

मूडलमध्ये प्रश्न दुरुस्त करून निकालाच्या पानावरून पुनर्गणना करता येते. ४.० आवृत्तीपासून प्रत्येक बदल प्रश्नाची नवी आवृत्ती म्हणून साठतो, तेव्हा चाचणीत "नेहमी नवीनतम" निवडलेलं आहे की जुनी आवृत्ती अडकवलेली आहे हे आधी बघा, नाहीतर दुरुस्ती करूनही गुण हलत नाहीत. टक्केवारी आणि शब्द बदलता येतात. पर्याय वाढवू किंवा काढू नका, पर्यायांची संख्या बदलली की जुन्या उत्तरांची नव्या आवृत्तीवर पुनर्गणना होत नाही. वादाचा पर्याय (तिसवाडीसारखा) निकामी करायचा असेल तर तो जागेवर ठेवून "नन" द्या आणि उरलेल्या बरोबर पर्यायांची बेरीज पुन्हा १०० करा. मग पुनर्गणना आधी कोरडी, म्हणजे गुण प्रत्यक्ष न बदलता, चालवून पाहा, किती मुलांचे गुण कुठल्या दिशेने हलतात ते दिसतं, आणि नंतरच ती पक्की करा.

एचफाइव्हपीत गुण मुलाच्या ब्राउझरमध्ये मोजून पाठवलेले असतात. प्रश्न दुरुस्त केल्याने आधी नोंदलेले गुण बदलत नाहीत. तिथे मुलांना पुन्हा सोडवायला सांगावं लागतं किंवा गुणपत्रकात हाताने दुरुस्ती करावी लागते.

दुरुस्तीनंतर मूडलच्या सांख्यिकी अहवालात त्या प्रश्नाचं पान उघडा. प्रत्येक पर्याय किती जणांनी निवडला ते तिथे दिसतं. तळपण कुणीच निवडत नसेल तर तो पर्याय जागा अडवतोय, त्याऐवजी मांडवीच्या जवळपासची पण तिला न मिळणारी नदी घाला, पेडणे-बारदेशच्या बाजूची शापोरा चालेल.